काठी फिरते, पण कुणी मनगट धरलं की?

पत्र: मी चौतीस वर्षांची आहे. मिरजेत एका लॅबमध्ये काम करते आणि रात्री साडेनऊच्या सुमारास स्कूटीवरून सांगलीत विश्रामबागला घरी येते. अडीच वर्षं लाठी-काठी आणि दांडपट्टा शिकतेय. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चौकात काठी फिरवली की टाळ्या पडतात. गेल्या महिन्यात आमच्याच अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एका माणसानं मागून येऊन माझं उजवं मनगट धरलं. डाव्या हातात छत्री होती, ती वर उठलीच नाही. मी नुसता हात मागं ओढत राहिले. वर कुणाचं तरी दार वाजलं म्हणून तो पळाला. भाऊ म्हणतो, हे सगळं मिरवणुकीपुरतं आहे, कराटे लाव. खरंच अडीच वर्षं वाया गेली का? डिकीत आखूड काठी ठेवू का? आणि आठवीतल्या मुलीला यात घालू की नको? – एक वाचक, सांगली

ताई,

पार्किंगमधल्या प्रकाराची तक्रार दिली नसेल तर आजच द्या. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे सेक्रेटरींना आधी फोन करा, पोलीस ठाण्यात त्यानंतर जा. आता तालमीचं बोलू.

अडीच वर्षं वाया गेलेली नाहीत, पण शिकणं अर्धं झालंय, आणि उरलेलं अर्धं त्या रात्री लागणार होतं. काठी फिरवायला तुम्ही शिकलात. कुणीतरी अंगावर येतंय, धरतंय, ढकलतंय आणि तरी आपल्याला हलायचंय, हा सराव तुमच्याकडून कुणी करूनच घेतला नाही. भावाने सुचवलेल्या क्लासमध्येही नुसते हवेतले ठोसे आणि ओळीत उभं राहून काता, म्हणजे एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली, चालत असतील, तर तिथंही हेच होणार. फक्त कपडे पांढरे असतील.

अंतराचा हिशोब आधी समजून घ्या. तुमच्या हातातली लाठी साधारण तुमच्या कानाच्या उंचीची, म्हणजे पाच फुटांच्या आसपासची असणार. तिचा खरा मार शेवटच्या हातभर टोकात असतो, कारण फिरताना सगळ्यात जास्त वेग तिथं येतो. समोरचा त्या टोकाच्या आत शिरला की त्याला लागते ती काठीची मधली बाजू, आणि तिच्यात वेग नसतो. मनगट धरणारा माणूस तर एका हाताच्या अंतरावर उभा असतो. दांडपट्ट्याला त्याहून मोकळी जागा लागते. पार्किंगमध्ये दोन खांब आणि तीन गाड्यांच्या मधे तुमचा एकही शिकलेला हात, म्हणजे वार, पूर्ण फिरला नसता.

मिरवणुकीतली कसब खोटी नाही. पट्ट्यानं लिंबू कापायला नजर आणि हात दोन्ही लागतात. पण लिंबू पळत नाही, आणि उलट हातही टाकत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर तलवार-पट्टा घेऊन वावरणं अवघड झालं, तेव्हा ही विद्या आखाड्यात आणि मिरवणुकीत खेळ म्हणून टिकली. टिकली हे बरंच झालं. पण खेळ बघणाऱ्यांसाठी झाला की फिरवण्याला भाव येतो आणि जोडीचा सराव मागं पडतो. हलगीच्या तालावर दोघांनी ठरवून मारलेले हात दिसायला झुंज वाटतात, पण पुढचा हात कुठं येणार ते दोघांनाही पाठ असतं.

छत्री उठली नाही याला भित्रेपणा म्हणू नका. अचानक धक्का बसला की शरीर बोटांची, मनगटाची नाजूक कामं आधी सोडून देतं. खांदा, कंबर, पाय यांच्या मोठ्या हालचाली तेवढ्या शाबूत राहतात, त्याही शेकडो वेळा केलेल्याच. तुमची काठीची फिरत जवळजवळ सगळी मनगटावर आणि बोटांवर चालते. ती त्या क्षणी गेली, आणि दुसरं काही अंगात मुरलेलं नव्हतं.

दांडपट्टा मात्र इथं अनपेक्षितपणे उपयोगाला येतो. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी कवचात, तुमचा हात कोपराच्या अलीकडेपर्यंत जातो आणि मनगट जखडलं जातं, म्हणून पट्ट्याचा प्रत्येक हात खांद्यातून, कंबरेतून आणि पावलातून मारावा लागतो. तोच हात पट्टा उतरवून, कोपर दुमडून मारा, तो कोपराचा वार होतो. अंतर अगदी जवळचं, जागा एका माणसापुरती, आणि बोटांवर काहीच अवलंबून नाही. वस्तादांना सांगा, पट्ट्याचे आडवे हात कोपर दुमडून, उशी किंवा जुनी गादी भिंतीला लावून तिच्यावर मारू द्या. डाव्या-उजव्या बाजूला वीस-वीस. मागची टाच फिरली नाही तर वार नुसता खांद्याचा होतो आणि दुसऱ्या दिवशी खांदाच धरतो. मूठ मात्र वापरू नका. सवय नसलेल्या हातानं जबड्यावर किंवा कपाळावर ठोसा मारला तर करंगळीमागचं हाड आपलंच मोडतं. कोपर नाहीतर तळहाताचा मनगटालगतचा मांसल भाग, हे दोनच.

आता मनगटाचं. धरणाऱ्याच्या मुठीत एकच फट असते, त्याच्या अंगठ्याचं टोक आणि बोटांची टोकं जिथं भेटतात ती. तुम्ही हात सरळ मागं ओढलात, म्हणजे त्याच्या चार बोटांशी आणि त्याच्या सगळ्या वजनाशी ताकद लावलीत. तसं करून वजनदार माणसाच्या हातून कुणी सुटत नाही. करायचं ते उलटं: त्याच्याच दिशेनं अर्धं पाऊल टाका. मनगट थोडं वळवून मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर आणा. कोपर वाकवा आणि त्याच्या कोपराकडे पुढं रेटा, आणि त्याच वेळी कंबर वळवा. फोन कानाला लावताना हात जसा वर येतो, तसा तुमचा हात आपोआप त्या फटीतून निसटतो. त्यानं दोन्ही हातांनी धरलं असेल तर मोकळा हात त्याच्या दोन हातांमधून घालून स्वतःचीच मूठ पकडा आणि दोन्ही हातांनी कोपराच्या वाटेनं वर काढा. सुटल्यावर कोपर त्याच्याकडेच रोखलेलं असतं. एक वार करा आणि उजेडाकडे पळा. सुटल्यावर तिथंच उभं राहून त्याच्याकडे बघत राहणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, कारण तालमीत सुटलं की डाव संपतो आणि दोघी हसून पुन्हा जागेवर येतात.

सरावात ही चूक आणखी एका जागी शिरते. मैत्रीण मन राखून हात सोडते. म्हणून पकडीची पायरी ठरवून घ्या. पहिला आठवडा सैल पकड, फक्त दिशा बसवायला. दुसरा आठवडा घट्ट. तिसऱ्या आठवड्यापासून धरणारीनं तुम्हाला ओढत चालू लागायचं, आणि तुम्ही चालता चालता सुटायचं. मागून, बाजूनं, हातात पिशवी असताना, तुम्ही मोबाईलमध्ये बघत असताना. दोन्ही हातांना रोज दहा-दहा पुरेत. धरणारी व्यक्ती तुमच्याहून जड असावी. ओळखीतला एखादा पुरुष तयार असेल तर त्याच्यासोबतही करा, कारण हाताच्या पंजाचा आकार बदलला की फटीची जागा बदलते. आणि दर वेळी तोंडानं ओरडा: ‘हात सोड!’ तालमीत सगळे मुकाट सराव करतात, मग रस्त्यावर आवाज फुटत नाही. आजूबाजूला माणसं असतील तर ‘वाचवा वाचवा’पेक्षा एकाला नेमकं बोलवा, ‘ओ लाल शर्टवाले दादा, इकडं या, हा माणूस माझ्या ओळखीचा नाही.’ शेवटचं वाक्य विसरू नका. नाहीतर बघणारे घरचं भांडण समजून पुढं जातात.

फटकाऱ्याच्या सरावासाठी आपल्याच परंपरेत खास खेळ आहे, फरी-गदगा. एका हातात चामड्याची छोटी ढाल म्हणजे फरी, दुसऱ्या हातात चामडं चढवलेली आखूड काठी म्हणजे गदगा, आणि दोघं एकमेकांवर खरोखर वार करतात. शिर, तमाचा, बाहेरा ही वारांची नावं तालमीत ऐकली असतील. तुमच्याकडे हा खेळ बंद पडला असेल तर साहित्य घरी होतं. दोन हात लांबीची वेताची काठी घ्या, एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी तिच्यावर चढवा आणि वरून कापडी टेप गुंडाळा. टोकाला फोम दोन बोटं पुढं राहू द्या, म्हणजे डोळ्यावर काठीचं लाकूड टेकणार नाही. डोक्याला जाळीचं क्रिकेट हेल्मेट, हाताला बॅटिंगचे ग्लोव्हज. ग्लोव्हजशिवाय एक मिनिटही नको. काठी धरलेल्या हाताची बोटंच समोरच्याला सगळ्यात जवळ असतात आणि पहिला मार त्यांनाच बसतो. बांबू वापरू नका. तो उभा तडकतो आणि त्याच्या टोकदार ढलप्या फोम फाडून बाहेर येतात.

तीस सेकंदांची एक फेरी, मग मिनिटभर दम, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. काहीही ठरवायचं नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही डोळे मिटाल, मान फिरवाल आणि मागं मागं जाऊन भिंतीला टेकाल. सगळ्यांचं तेच होतं. दोन-तीन आठवड्यांत डोळे उघडे राहायला लागले की समजा, काम सुरू झालं. फिरवण्याचे तुमचे सगळे सुंदर हात यात गळून पडतील, तीन-चारच उरतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

छत्रीचं उत्तर यातच आहे. छत्री लांब दांड्याची असेल तरच उपयोगाची. घडीच्या छत्रीचा दांडा सांध्यात दुमडतो. पार्किंगमध्ये, जिन्यात ती फिरवायची नाही, भाल्यासारखी खुपसायची. एक हात मुठीवर, दुसरा दांड्याच्या मधोमध, टोक त्याच्या छातीच्या किंवा पोटाच्या रेषेत. फिरवायला दोन्हीकडे मोकळी जागा लागते, खुपसायला तुमच्या अंगाएवढी रुंदी पुरते, आणि तो जवळ येऊ पाहतो तेव्हा टोकावरच येतो. डाव्या हातात स्कूटीचं हेल्मेट असेल तर ते पट्ट्यानं लोंबकळतं ठेवू नका. पंजा आत घालून फरीसारखं छातीसमोर धरा. फरी-गदगा खेळणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

कुस्ती. सांगली म्हणजे कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती माने यांचा जिल्हा, तालीम शोधायला तुम्हाला लांब जायला नको. मुली-बायकांना मॅटवर शिकवणाऱ्या तालमी आता बऱ्याच आहेत. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची ढाक, म्हणजे कुस्तीतला एक डाव, नावाजलेली होती, १९५२ ला हेलसिंकीतून त्यांनी कांस्यपदक आणलं. पण तुम्हाला ढाक, कलाजंग, धोबीपछाड यांपैकी काही शिकायचं नाही. तुम्हाला हवी ती खडाखडी: समोरासमोर उभं राहून मानेवर, मनगटावर, दंडावर एकमेकींची पकड घेणं आणि झटकणं. मिनिटभराची एक अशी पाच-सहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस. कुणीतरी मानेवर हात टाकून आपलं वजन लादतंय याची सवय झाली की पार्किंगमधला तो पहिला सेकंद हातातून जात नाही.

मात्र कुस्तीचे नियम अंगात शिरले की रस्त्यावर घातही करतात. पाठ टेकली की चितपट, म्हणून पैलवान संकटात पोटावर झोपतो. मातीत ते बरोबर, रस्त्यावर पोटावर पडणं म्हणजे मान आणि डोक्याचा मागचा भाग त्याच्या हवाली करणं. तुम्ही पडलात तर पाठीवर, पाय त्याच्याकडे, गुडघे दुमडलेले, हनुवटी छातीला. टाचा त्याच्या नडगीवर आणि गुडघ्यावर मारा, आणि तो मागं सरला की एक हात आणि एक पाय टेकवून उठा. दुसरा हात तोंडासमोर. पडताना हात ताठ टेकवू नका, मनगट मोडतं. शिवाय कुस्तीत ठोसा नसतो, म्हणून पैलवानाचं तोंड उघडं राहतं. खडाखडी करताना हनुवटी खाली ठेवायची सवय मुद्दाम लावून घ्या. हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते, पेव्हर ब्लॉक तसे नसतात. म्हणून पडण्याचा सराव मॅटवर झाला की दोन-चार वेळा हिरवळीवरही करा.

सुऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो. रिकाम्या हातानं सुरा किंवा कोयता हिसकावून घेण्याची प्रात्यक्षिकं शिबिरांत फार होतात, त्यावर विसंबू नका. घरी एकदा करून बघा: जुनी पांढरी बनियन घाला, कुणाच्या तरी हातात लाल स्केचपेन द्या आणि दहा सेकंद त्याला अडवा. मग बनियनवरच्या रेघा मोजा. हत्यार दिसलं की पर्स, चेन, गाडीची किल्ली त्याच्यापासून लांब फेका आणि उलट्या दिशेला पळा. पळायला वाट नसेल तर गाडी मधे घ्या.

डिकीतली काठी. ठेवू नका. सणासुदीला, निवडणुकीला, तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, आणि त्यात तलवार-भाल्याबरोबर काठी-लाठीही येते. मोडणाऱ्यावर कलम १३५ लागतं. क्लासला नेताना लाठी पिशवीत बांधून न्या, मिरवणुकीची परवानगी मंडळानं काढली आहे का ते विचारा. धारेचा पट्टा तर घरातून बाहेर काढायचाच नाही. नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. आणि कायद्यापलीकडचं साधं कारण असं की डिकी उघडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा कुणी तुम्हाला देत नाही.

हात उचलायचा हक्क मात्र कायद्यानं दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाची आहेत. त्यातलं ३७ नीट वाचा: बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. तो सोडून पळाला की तुमचा हक्कही तिथं थांबला. पाठलाग करून, पाडून मारलंत तर आरोपीच्या जागी तुम्ही उभ्या राहाल. ११२ ला फोन करा आणि पहिल्या वाक्यात जागा सांगा, नाव नंतर.

पेपर स्प्रे घ्यायला परवाना लागत नाही. पण एक डबी सरावाला खर्च करा, तीही गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून. पर्सच्या तळाशी पडलेली डबी सापडेपर्यंत सगळं होऊन जातं. गाडी लावताना ती हातात हवी. डबीवरची मुदत बघत जा.

आणि स्कूटीवर तोंडाला बांधतात तो स्टोल. धुरा-धुळीला सनकोट-स्टोल हवाच, पण गाठ बांधल्यावर कान झाकले जातात आणि डोळ्यांच्या कडेचं दिसत नाही. गेटजवळ गाडी थांबवा, स्टोल गळ्यापर्यंत खाली घ्या, पार्किंगवर एक नजर फिरवा, मगच आत न्या. टोकं लोंबकळू देऊ नका, कुणी ओढली तर तोच फास होतो. पर्सचा पट्टा अंगात आडवा घालून गाडी चालवू नका. ती डिकीत ठेवा. चालत्या गाडीवर पट्टा ओढला की पर्सबरोबर तुम्हीही खाली येता.

मुलीला जरूर घाला, पण काठीच्या आधी वर्षभर कुस्ती किंवा ज्युदो. पडायला, धरायला, सुटायला या वयात लवकर येतं, आणि मग काठी हातात आली की तिचे पाय आधीच तयार असतात. वस्तादांना भेटाल तेव्हा ‘जोडीनं, अंगावर येऊन सराव घेता का’ एवढंच विचारा. ‘सात दिवसांत स्वसंरक्षण’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. मनगट सोडवायचा सराव तुम्ही दोघी घरीच करू शकता. दिवसातून पाच मिनिटं, कधी ती तुम्हाला धरेल, कधी तुम्ही तिला, न सांगता, स्वयंपाकघरातसुद्धा, फक्त गॅसपासून लांब. सुटताना तिनं पोटातून ओरडलं पाहिजे. शेजाऱ्यांना तेवढं आधी सांगून ठेवा.